काचेची पेटी नको, जाळीचं घर बांधा

पत्र: डॉक्टर, नमस्कार. आमचं घर गोव्यात फोंडा तालुक्यात, मागं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. धाकटे दीर बेंगळुरूला असतात. पंधरा दिवसांपूर्वी येताना त्यांनी माझ्या मुलासाठी (यंदा नववीत गेलाय) व्हेल्ड कॅमेलिअनचं (रंग बदलणाऱ्या परदेशी सरड्याचं) तीन महिन्यांचं पिल्लू आणलं. सोबत दोन फुटांची काचेची पेटी आणि साठ वॉटचा बल्ब. दुकानदारानं सांगितलं म्हणे, याला दमट हवा लागते, म्हणून काचच बरी, आणि दिवसातून पाच वेळा पाणी फवारा. मुलगा वीस-पंचवीस क्रिकेट (रातकिडे) एकदम आत सोडतो, कधी चिमट्यानं भरवतो, कधी कुळागरातले नाकतोडे पकडून आणतो. गेले दोन दिवस पिल्लू तोंड उघडं ठेवून बसतंय, रंगही काळपट झालाय. पेटीच ठेवावी की जाळीचा पिंजरा करावा? खाणं आत सोडावं, वाटीत द्यावं की हातानं? मुलगा म्हणतो, ते एकटं आहे म्हणून उदास आहे, जोडीला दुसरं आणूया. सासूबाईंना तर घरात सरडाच नको आहे.

उत्तर:

ताई, आधी उठून तो बल्ब बंद करा आणि पेटीचं झाकण काढून त्यावर साधी जाळी ठेवा. पुढचं नंतर वाचा.

मे महिना संपत आलाय. फोंड्याकडे दुपारी घरातच पारा बत्तीस-तेहतीसवर असतो. तुमच्या पिल्लाला उन्हाची शेक घ्यायची जागासुद्धा सत्तावीस ते एकोणतीस अंशांचीच पुरते. म्हणजे बल्ब नसतानाही ते गरजेपेक्षा जास्त तापलेलं आहे. त्यात चारही बाजूंनी काच, वर साठ वॉट, आणि पाच वेळा फवारलेलं पाणी बाहेर जायला वाट नाही. मोदकपात्रात बसल्यासारखी त्याची गत झाली आहे. तोंड उघडं ठेवणं ही त्याची उष्णता बाहेर टाकायची धडपड आहे. बल्ब बंद करून, हवा खेळती ठेवून एका दिवसात तोंड मिटलं तर उष्णतेचाच त्रास होता असं समजा. थंडाव्यातही तोंड उघडंच राहिलं, श्वास घेताना टिकटिक किंवा घुरघुर ऐकू आली, नाकातोंडाशी फेस दिसला किंवा ते दिवसा डोळे मिटून बसायला लागलं, तर फुप्फुसाचा संसर्ग असू शकतो. मग घरी काही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

हे इतक्या तातडीनं सांगतेय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी, ऐन जुलैत, एक तरुण असंच पिल्लू काचेच्या पेटीतून माझ्याकडे घेऊन आला होता. कातडी नीट सुटत नव्हती. मी पुस्तकातला दमटपणाचा आकडा डोक्यात ठेवून त्याला फवारा वाढवायला सांगितलं. पुस्तक थंड, कोरड्या देशातल्या घरांसाठी लिहिलेलं होतं, जिथं हिवाळ्यात हीटरनं खोलीतली हवा सुकून जाते. आमच्याकडे जुलैत भिंतीला हात लावला तरी ओला होतो, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. तिसऱ्या आठवड्यात पिल्लू न्यूमोनियानं गेलं. तो सल्ला माझा होता. तेव्हापासून गोव्यातल्या प्रत्येकाला मी एकच सांगते: इथं या प्राण्याला कोरडेपणा मारत नाही, कोंडलेली ओली हवा मारते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जाळी. चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी.

हा प्राणी मुळात येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य डोंगराळ भागातला. तिथं रात्री धुकं आणि दव पडतं, सकाळी पानांवरचं पाणी तो चाटतो आणि दिवस चढला की वारा सगळं सुकवून टाकतो. रात्री ओलं, दिवसा सुकं. ही लय सांभाळता आली की अर्धं काम झालं, आणि ती काचेत सांभाळता येत नाही. शिवाय काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं. तो दुसरा घोयरा (कॅमेलिअन) आहे असं समजून पिल्लू दिवसभर ताणात राहतं. काळपट रंगाला तेही कारण असू शकतं. आपण ‘सरड्यासारखा रंग बदलतो’ म्हणतो आणि समजतो की तो लपायला रंग बदलतो. खरं तर त्याच्या रंगात तापमान, भीती, राग हे सगळं उमटतं. त्वचेतल्या बारीक स्फटिकांमधलं अंतर कमी-जास्त करून तो रंग पालटतो, हे जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५मध्ये दाखवलं. तेव्हा त्याचा रंग म्हणजे रोजचं प्रगतिपुस्तक. मुलाला तो वाचायला शिकवा.

दुकानदार कदाचित छोटा पिंजरा घ्या म्हणेल, मोठा नंतर घ्या. मी म्हणते, एकदाच बांधा: दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच. पिल्लाला मोठा पिंजरा नको असं सांगतात, कारण त्यात त्याला खाणं सापडत नाही. ही अडचण खरी आहे, पण ती खाणं आत मोकळं सोडणाऱ्यांची. खाणं ठरलेल्या जागी वाटीत मिळणार असेल तर पिल्लू मोठ्या पिंजऱ्यातही सुखानं वाढतं. म्हणजे तुमचे पिंजऱ्याचा आणि भरवण्याचा असे दोन प्रश्न मुळात एकच आहेत.

फोंड्यात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारा कुणीही हा सांगाडा दोन दिवसांत करून देईल. जाळी मात्र नीट सांगून घ्या. खिडकीला डासांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी नको. क्रिकेट ती कुरतडतात आणि पिल्लाची नखं तिच्यात अडकून उपटतात. साधी लोखंडी जाळी एका पावसाळ्यात गंजेल. बारीक छिद्रांची स्टेनलेस स्टीलची जाळी घ्या, कापलेल्या कडा पट्टीखाली दाबून. तळाला माती, भुसा, नारळाचा काथ्या काही घालू नका. जीभ मारताना ते पोटात जातं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. खाली नुसता पत्रा आणि पाणी जमायला ट्रे पुरे.

पिंजरा जमिनीवर ठेवू नका. कमरेएवढ्या उंच स्टँडवर ठेवा, म्हणजे वरची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर येईल. झाडावर राहणाऱ्या या जिवाला वरून येणारी सावली म्हणजे शिकारी पक्षी. आपण वाकून बघितलं तरी त्याचा जीव घाबरा होतो. पाठ भिंतीला लावा आणि दोन बाजूंना काढता-घालता येतील असे फोमचे पत्रे लावा, तीही त्याला आडोसा हवा म्हणूनच. मिरगाचा पाऊस सुरू झाला की त्यातला एक काढून टाका, वारा आरपार जायला हवा. हवा फारच जड वाटली तर बाहेर छोटा पंखा लावा, पण त्याचं तोंड पिल्लाकडे नको. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवा, जुन्या घरात दुधाच्या कपाटाला करायचो तसं. कुळागर जवळ म्हणजे हुमले येणारच, आणि रात्री निजलेल्या पिल्लाला मुंग्या लागणं ही मी पाहिलेली फार वाईट गोष्ट आहे.

जागा स्वयंपाकघराजवळची नको, फोडणीचा धूर त्याला सोसत नाही. देवघराजवळचीही नको, धुपामुळे. चवथीला घर पाहुण्यांनी भरतं, फटाके वाजतात, तेवढे दिवस पिंजरा मागच्या शांत खोलीत न्या.

आत फांद्या पेरूच्या घाला. बोटाएवढ्या जाड, काही आडव्या, काही तिरक्या, वेगवेगळ्या उंचीवर. त्याचा पंजा जवळून बघा. बोटं दोन आणि तीन अशी चिकटलेली असतात, चिमटा असतो तसा. हा पंजा फांदी धरण्यासाठीच घडला आहे, सपाट जागेवर त्याला नीट चालता येत नाही. काजूची आणि आंब्याची फांदी टाळा, त्यांचा चीक वाईट. झाड हवंच, आणि ते जास्वंदीचं. हे पिल्लू मोठं होताना पानंही खायला लागेल, जास्वंदीचं पान-फूल त्याला चालतं. कण्हेर, क्रोटन आणि चिकाची झाडं आसपाससुद्धा नकोत. जास्वंद घरात फार दिवस टिकत नाही, म्हणून दोन कुंड्या करा: एक आठवडाभर पिंजऱ्यात, दुसरी अंगणात, मग अदलाबदल. औषध मारलेली, खत घातलेली नर्सरीची कुंडी तशीच आत ठेवू नका.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. साध्या बल्बच्या उजेडात त्याची हाडं होत नाहीत. त्याला अतिनील-बी किरण देणारी ट्यूब लागते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची लांब टी-५ ट्यूब घ्या, पाच-सहा टक्क्यांची, गुंडाळीचा छोटा दिवा नको. ती वरच्या जाळीवर ठेवा आणि सर्वांत वरची फांदी तिच्यापासून वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली. रोज बारा तास. ट्यूब दिसायला वर्षानुवर्षं पेटते, पण ते किरण आधीच आटतात, म्हणून वर्षाला बदला. दोन-चार तास वीज गेली तर काळजी नको. खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत, त्यामुळे ‘खिडकीत ऊन येतं’ हा हिशेब चालत नाही. सकाळी साडेसात-आठच्या कोवळ्या उन्हात, अर्धा पिंजरा सावलीत राहील असा, पंधरा-वीस मिनिटं राजांगणात (घरामधल्या चौकात) ठेवला तर उत्तम, पण कुणीतरी जवळ बसायचं. कावळा, मांजर दोन्ही टपलेले असतात. काचेची पेटी उन्हात कधीही नको, थोड्या वेळात आतला जीव जाऊ शकतो.

पाणी वाटीतून ते पिणार नाही. साचलेलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही, हलणारा थेंब दिसला की जीभ बाहेर येते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सलाइनचा नवा सेट लावायला सांगते. वर बाटली टांगा, चाकी फिरवून दोन सेकंदांना एक थेंब जास्वंदीच्या पानावर पडेल असं करा आणि सकाळी तासभर चालू ठेवा. मग लांब बसून बघा. आधी एक डोळा थेंबाकडे वळतो, मग दुसरा, मग मान पुढे येते. उन्हाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी एकेक हलका फवारा द्या. पावसाळ्यात फवारा बंद, नुसते थेंब. दुपारपर्यंत पानं सुकली पाहिजेत. पाणी पुरतंय का हे शिटेत कळतं: तपकिरी भागाला जोडून पांढरा भाग असतो, तो पांढराच असला तर ठीक, पिवळा-नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय.

आता भरवणं. माझं मत स्पष्ट आहे: रोजचं खाणं वाटीतच.

वीस-पंचवीस क्रिकेट आत सोडले की किती खाल्ले कळत नाही, अंगावरची कॅल्शियमची पूड झडून जाते, आणि उरलेले क्रिकेट रात्री निजलेल्या पिल्लाचे डोळे, बोटं, शेपटीचं टोक कुरतडतात. ते बचाव करत नाही, ते झोपलेलं असतं. चिमट्यानं भरवण्याचा धोका वेगळा. त्याची जीभ शरीराच्या दीड-दोन पट लांब सुटते आणि टोक भक्ष्याला चिकटतं. ती धातूवर आदळली, किंवा मुलानं त्याच क्षणी चिमटा मागं घेतला, की स्नायू ओढला जातो. जीभ परत आत न गेलेली पिल्लं मी पाहिली आहेत. उघड्या तळहातावर एखादी अळी ठेवून आठवड्यातून एकदा मुलानं भरवलं तर हरकत नाही, ओळख वाढते. हातात उचलून घेणं मात्र नको.

वाटी कशी? उभा, पांढरा, गुळगुळीत प्लास्टिकचा डबा, वीतभर खोल. आतल्या मागच्या बाजूला जाळीची एक पट्टी चिकटवा, म्हणजे किडे तिच्यावर चढून त्याच्या नजरेला येतील, नाहीतर सगळे तळाशी कोपऱ्यात बसतात. डबा मधल्या फांदीपासून वीतभर लांब, त्याच्या छातीच्या उंचीवर टांगा आणि जागा रोज बदलू नका. पहिले दोन दिवस ते बघणारही नाही. एखादी वळवळणारी पांढुरकी अळी टाका आणि सगळ्यांनी खोलीबाहेर जा. समोर माणूस उभा असेल तर पुष्कळ पिल्लं खातच नाहीत आणि घरचे समजतात की भूक मेली.

तीन महिन्यांच्या पिल्लाला रोज सकाळी एकदा, आठ-दहा किडे. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नको. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं तेवढं खाल्लं, उरलेले काढून घ्या. सहा महिन्यांनंतर हे प्रमाण कमी करत जा, मोठ्याला दिवसाआड चार-पाच पुरतात. मादी असेल तर जास्तच जपून. मागच्या पायाची टाच बघा. तिथं छोटं टोक असेल तर नर, नसेल तर मादी. मादी नराशिवायही अंडी घालते, आणि ऊब व खाणं जास्त झालं की अंड्यांची संख्या इतकी वाढते की तिचा जीव धोक्यात येतो. मादी निघाली तर मला पुन्हा लिहा. तिला चार-पाच महिन्यांची झाल्यावर ओलसर वाळूचा वीतभराहून खोल डबा द्यावा लागेल.

क्रिकेट मुख्य. बदल म्हणून ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या चांगल्या, त्यांच्यात मुळातच कॅल्शियम असतं. मीलवर्म (पिठातल्या अळ्या) अधूनमधून. किडे पिल्लाला देण्याआधी एक दिवस त्या किड्यांना चांगलं खाऊ घाला: गाजर, लाल भोपळा आणि शेवग्याचा पाला. किड्याच्या पोटात जे आहे तेच पिल्लाच्या पोटात जातं. मग डब्यात टाकण्याआधी पिशवीत घालून कॅल्शियमच्या पुडीत हलकेच हलवा. रोज साधं कॅल्शियम, डी-३ नसलेलं. डी-३ आणि जीवनसत्त्वांची पूड महिन्यातून दोनदाच. कुणी खायचा चुना लावा म्हणेल, तो कधीही नको, तोंड भाजेल. कॅल्शियम आणि ती ट्यूब, या दोन्हींत कसर राहिली की पाय वाकतात, जबडा रबरासारखा मऊ होतो, जीभ नेम धरत नाही. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

कुळागरातले नाकतोडे आजपासून बंद. पावसाच्या तोंडावर माडीला (सुपारीच्या झाडाला) कोळेरोग, म्हणजे फळकूज, लागू नये म्हणून बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतं. घरातलं झुरळही नको, कुठल्या औषधावरून चालून आलंय सांगता येत नाही. आणि या दिवसांत सर्वांत महत्त्वाचं, काजवे. तुमच्याकडे संध्याकाळी झाडं लुकलुकायला लागली असतील. काही जातींच्या काजव्यांच्या अंगात सरड्यांच्या हृदयावर घाव घालणारं विष असतं. एखादा काजवा पोटात गेला तरी सरडा दगावू शकतो. रात्री पिंजऱ्याजवळच्या खिडकीला जाळी असू द्या.

दुसरं पिल्लू आणू नका. याला सोबत लागत नाही. दुसरा नुसता नजरेला पडला तरी दोघं ताणात राहतात, खाणंही सोडू शकतात. तुमचं पिल्लू उदास नाही, तापलेलं आहे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. घरात सरडा नको हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या असतील, त्यावर त्यांच्याशी वाद घालू नका. पिंजरा त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवू नका, पिल्लालाही ते बरंच. त्याच्यात विष नाही हे मात्र सांगा. काळजी एवढीच, की अशा प्राण्यांच्या शिटेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू पसरू शकतो. डबे, ट्रे स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका, आणि मुलानं प्रत्येक वेळी साबणानं हात धुवावेत. घरात वयस्कर माणूस आहे म्हणून हे कटाक्षानं.

कागदांचं बघा. आपला देशी घोयरा हा भारतातला एकमेव कॅमेलिअन, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो संरक्षित आहे आणि पाळता येत नाही. व्हेल्डच्या डोक्यावर उंच शिरस्त्राणासारखा तुरा वाढतो, देशीचा बसका असतो. शंका असेल तर फोटो पाठवा, देशी निघाला तर वन खात्याला कळवू. व्हेल्डच असेल तर तो सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतला प्राणी आहे. कायद्यात २०२२मध्ये झालेला बदल आणि २०२४चे नियम यांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. दिरांकडून पावती आणि विक्रेत्याच्या नोंदीचे कागद याच आठवड्यात मागून घ्या. आणि उद्या कंटाळा आला तरी त्याला कुळागरात सोडायचं नाही. हवाई आणि फ्लोरिडात असेच सुटलेले व्हेल्ड आता रानात वाढून बसले आहेत.

पिंजरा तयार होईपर्यंत, जाळीचा कपड्यांचा उभा हॅम्पर मिळतो ना, त्यात दोन पेरूच्या फांद्या आडव्या बांधून पिल्लाला तिथं हलवा. आठवडाभर ते चालेल, फक्त रोज नखं अडकत नाहीत ना ते बघा, आणि क्रिकेट त्यात मोकळे सोडू नका. मुलाला एक वही करायला सांगा: सकाळचा रंग, किती किडे खाल्ले, शिटेचा पांढरा भाग कसा, आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्यासारख्या पण वेगळ्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन. तोंड मिटलं की नाही ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. वही पंधरा दिवसांनी, त्याच्याच अक्षरात पाठवा.